रत्नागिरीतून लिस्बनमध्ये सुट्टीचं घर: शोधापासून किल्लीपर्यंत

पाच माणसं, त्यात दोघं सत्तरीच्या पुढची आणि एक अकरा वर्षांची मुलगी. शहर लिस्बन, मुक्काम आठ रात्री. एवढ्यांना हॉटेलात दोन खोल्या लागतात, दोन्ही वेळा बाहेर जेवावं लागतं आणि सकाळचा चहासुद्धा दुसऱ्याच्या वेळेनुसार मिळतो. म्हणून स्वयंपाकघर असलेला फ्लॅट भाड्याने घ्यायचं ठरलं. घर शोधणं, पैसे भरणं, त्याच बुकिंगवर व्हिसा मिळवणं आणि किल्ली हातात घेणं हे सगळं मार्च ते ऑक्टोबर २०२५ असं चाललं. टूर कंपनीबरोबर न जाता कोकणातून परदेशी निघणाऱ्यांना जिथे जिथे अडायला होतं, त्या जागा क्रमाने लिहिते आहे.

आधी एक सांगून ठेवते. घर फोटोवरून निवडू नका. मजला, लिफ्ट, गरम पाणी, शेगडी आणि बुकिंग फुकट रद्द करण्याची शेवटची तारीख, या पाच गोष्टी कळल्याशिवाय कुठल्याही घरावर जीव जडू देऊ नका. फोटो सगळ्यांचेच छान असतात.

मार्च: तारखा आणि वस्ती

कोकणातल्या घरात तारखा ठरवताना पहिला विचार गणपतीचा. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते, दसरा २ ऑक्टोबरला आणि दिवाळी २० तारखेच्या सुमारास. लिस्बनच्या बाजूने पाहिलं तर जून महिना सांतु आंतोनियु या संताच्या उत्सवाचा. १२ जूनची रात्र मुख्य असली तरी आल्फामा, ग्रासा, मोरारिया या जुन्या वस्त्यांत महिनाभर रात्री गाणी आणि रस्त्यावर सार्डिन (तारली) भाजायच्या शेगड्या चालू असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि भाडं दोन्ही चढतं, आणि पुष्कळ घरांत एसी नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी स्वस्त, पण तिथल्या जुन्या घरांना हीटिंग नसल्याने भिंती दमट राहतात आणि बुरशीचा वास येतो. हे सगळं जुळवून ४ ते १२ ऑक्टोबर ठरलं.

मग वस्ती. लिस्बन म्हटलं की जाहिरातीत आल्फामाच दिसतो. १७५५ च्या भूकंपात खालचा बैशा भाग कोसळला आणि नंतर सरळ रस्त्यांचा नव्याने बांधला गेला. आल्फामा मात्र बऱ्यापैकी टिकला, त्यामुळे तिथल्या गल्ल्या अजून जुन्याच, अरुंद आणि पायऱ्यांच्या आहेत. आपल्याकडच्या पाखाड्या जशा एका वाडीतून दुसरीत उतरतात, तशाच या. बघायला सुंदर, पण टॅक्सी दारापर्यंत जात नाही आणि गुडघेदुखीच्या माणसाला दिवसातून दोनदा ते चढणं झेपत नाही. बाइरु आल्तु भागात रात्री उशिरापर्यंत बार चालतात. ज्यांच्या घरात सगळे तिशीतले आहेत त्यांनी या वस्त्या जरूर घ्याव्यात. आमच्यासाठी त्या बाद झाल्या.

चढ किती आहे ते घरबसल्या कळतं. गुगल मॅपवर घराच्या परिसरापासून मेट्रो स्टेशनपर्यंतचा सायकलचा रस्ता काढला की त्याखाली चढ-उताराचा आलेख येतो. शिवाय स्ट्रीट व्ह्यूमध्ये उतरून ती गल्ली स्वतः ‘चालून’ बघता येते. आम्ही हे प्रत्येक घरासाठी केलं. ‘मेट्रो पाच मिनिटांवर’ असं लिहिलेल्या एका घराच्या वाटेत लांबलचक जिना निघाला. जाहिरात खोटी नव्हती, फक्त ती तरुण पायांनी मोजलेली होती.

शेवटी मेट्रोच्या हिरव्या मार्गावरचा आल्व्हालाद, रोमा, आरेएरु, आलामेदा, आरोइश हा पट्टा पक्का केला. कारणं सांगते, कारण कुठल्याही शहरात हाच विचार करावा लागतो. विमानतळावरून निघणारा लाल मार्ग आलामेदाला हिरव्या मार्गाला मिळतो, म्हणजे एकच गाडी बदलायची. हिरवा मार्ग पुढे मार्तिम मोनिझला जातो, जिथे भारतीय आणि बांगलादेशी किराणा दुकानं आहेत. मग रोसियु, जिथून सिंत्राची लोकल सुटते. आणि शेवटी काइश दु सुद्रे, जिथून समुद्रकाठाने काश्काइशला गाडी जाते. वस्ती सपाट आणि साधी राहती. पर्यटकांची नव्हे, तिथल्या लोकांची. त्यातही आल्व्हालादमधल्या १९४०-५० च्या दशकांतल्या पुष्कळ तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

एप्रिल: यादी करणं

एअरबीएनबी आणि बुकिंग डॉट कॉम या घरं भाड्याने मिळण्याच्या दोन्ही ॲपवर एकाच वेळी शोधलं. बरीच घरं दोन्हीकडे असतात आणि एकाच घराचा भाव व अटी वेगळ्या निघतात. शोधताना माणसांची संख्या खरी टाका, लहान मुलासकट. चार माणसं दाखवून पाच जणांनी जाणं तिथे चालत नाही. पोर्तुगालमध्ये अशा घरांना परवानगीत कमाल माणसांची संख्या ठरवून दिलेली असते आणि मालकाला प्रत्येक परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवावी लागते.

जाहिरातीत टी-शून्य, टी-एक, टी-दोन असं लिहिलेलं असतं. तो आकडा बेडरूमचा. टी-दोन म्हणजे दोन बेडरूम आणि वेगळा हॉल. ‘सहा जण झोपतात’ असं असेल तर त्यातले दोघं बहुतेक हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर. मुलीला तो चालतो, सत्तरीच्या पाठीला नाही. डबल बेड पुष्कळदा १४० सेंटिमीटरच रुंद असतो, म्हणजे पावणेपाच फुटांहून कमी. मोजमाप विचारून घ्या.

भावाचा हिशोब नेहमी शेवटच्या रकमेवर करायचा. आम्ही घेतलेल्या घराचा दर रात्रीला ११८ युरो दिसत होता. आठ रात्रींचे झाले ९४४. सफाईचे ६५, ते एकदाच लागतात, मग दोन रात्री राहा की दहा. ॲपचं सेवाशुल्क १४३. वर शहराचा पर्यटक कर: लिस्बनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून माणशी रात्रीला ४ युरो, १३ वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि जास्तीत जास्त सात रात्रींपर्यंत. चार मोठी माणसं, सात रात्री, म्हणजे ११२ युरो. आठव्या रात्रीचा कर नाही, मुलीचा नाही. एकूण १,२६४, म्हणजे रात्रीला ११८ नव्हे तर १५८ युरो. सफाईचा खर्च वाटला जातो म्हणून दोन-तीन घरं बदलत फिरण्यापेक्षा एकाच घरात राहून आजूबाजूला जाणं स्वस्त पडतं.

पर्यटक कर ॲपने आधीच घेतला आहे की मालक दारात मागणार आहे, हे बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं. त्या ओळीचा फोटो काढून ठेवा. दोनदा भरावा लागू नये.

आता नोंदणी क्रमांक. पोर्तुगालमध्ये पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या अशा घराला ‘आलोजामेंतु लोकाल’ म्हणतात आणि प्रत्येकाला नोंदणी घ्यावी लागते. क्रमांकाच्या शेवटी ‘एएल’ ही अक्षरं असतात. तो जाहिरातीत हवाच. त्याहून महत्त्वाचं, तो सरकारी पर्यटन संस्थेच्या नोंदवहीत कुणालाही फुकट तपासता येतो. तिथे पत्ता आणि कमाल माणसं दिसतात. या दोन गोष्टी जाहिरातीशी ताडून पाहा. आमच्या यादीतलं एक घर सहा जणांचं म्हणून लावलेलं होतं आणि नोंदणी चारांची होती. दुसऱ्या एकाचा क्रमांक शहराच्या भलत्याच टोकाच्या पत्त्यावर निघाला. दोन्ही घरं यादीतून काढली. असा क्रमांक आता युरोपात बऱ्याच देशांत लागतो. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. देश कुठलाही असो, आधी तिथल्या क्रमांकाचं नाव आणि तो तपासायची जागा शोधा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मी फसवणूक तिथेच गळते.

उरलेली निम्मी ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. शेजारच्या घरांपेक्षा भाव फारच कमी. तेच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहेत हे शोधलं तर तेच दिवाणखाने दुसऱ्या शहरात सापडतात. मालक ॲपवर दोन वाक्यं बोलून लगेच व्हॉट्सॲपवर यायला सांगतो आणि ‘ॲपचं कमिशन वाचेल, बँकेत थेट पाठवा, दहा टक्के सूट देतो’ म्हणतो. असा निरोप आम्हालाही आला. ॲपबाहेर पाठवलेला पैसा ॲप परत देत नाही, आणि परदेशी खात्यात गेलेली रक्कम रत्नागिरीच्या शाखेत जाऊन थांबवता येत नाही. आणखी एक प्रकार जास्त फसवा आहे. बुकिंग खरं असतं, घर खरं असतं, पण मालकाचं खातं कुणीतरी ताब्यात घेतलेलं असतं. मग ॲपच्या आतल्याच चॅटमध्ये निरोप येतो की कार्ड पडताळायचं आहे, या लिंकवर माहिती भरा, नाहीतर बारा तासांत बुकिंग रद्द. त्या लिंकला हात लावायचा नाही. ॲप बंद करून पुन्हा उघडा, बुकिंगच्या पानावर पैसे बाकी दिसतात का पाहा, आणि ॲपच्या मदतकेंद्राला फोन करा.

अभिप्राय वाचताना सरासरी तारे सोडून द्या. सर्वांत नवे आणि सर्वांत वाईट आधी लावा आणि आत ‘लिफ्ट’, ‘स्टेअर्स’, ‘नॉइज’, ‘हॉट वॉटर’, ‘स्मेल’ हे शब्द शोधा. पोर्तुगीज आणि स्पॅनिश अभिप्रायांचं भाषांतर करून वाचा; स्थानिक माणूस शेजारच्या आवाजाबद्दल पाहुण्यांपेक्षा स्पष्ट लिहितो. तुम्ही ज्या ऋतूत जाणार त्याच ऋतूतले अभिप्राय कामाचे.

मे: मालकाला विचारायचे प्रश्न

यादीत तीन घरं उरली. तिघांनाही ॲपवरच सारखे प्रश्न पाठवले. पोर्तुगाल उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आणि हिवाळ्यात साडेपाच, त्यामुळे आपल्या दुपारी पाठवलेल्या प्रश्नाला संध्याकाळी उत्तर येतं. सगळे प्रश्न एकाच निरोपात, क्रमांक घालून विचारा. नाहीतर एकेका उत्तराला एकेक दिवस जातो. लेखी उत्तर हाच पुढे तक्रारीचा पुरावा.

पहिला प्रश्न लिफ्टचा. ‘लिफ्ट आहे’ एवढ्यावर थांबू नका. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या, आणि लिफ्टमध्ये मोठी बॅग घेऊन किती माणसं मावतात? जुन्या इमारतींत लिफ्ट जिन्याच्या पोकळीत नंतर बसवलेली असते आणि तिच्यात दोन माणसं दाटीने उभी राहतात. मजल्यांची मोजणी आपल्यासारखीच: तळमजल्याला ‘आर-सी’, त्यावरचा पहिला. पत्त्यात मजल्यापुढे डावं-उजवं दाखवणारं अक्षरही असतं. ते नसेल तर कुरियरवाल्याला आणि रात्री पोचलेल्या पाहुण्याला दार सापडत नाही.

दुसरा, पाणी कशावर तापतं? गॅसचा गिझर असेल तर पाणी कमी पडत नाही. काहींना ठिणगीसाठी जाड सेल लागतात. पाणी अचानक गार आलं तर आधी ते सेल बघावेत. त्या खोलीची हवेची जाळी मात्र कधीही बंद करायची नाही, विषारी वायूचा धोका असतो. विजेची टाकी असेल तर लिटर विचारा. पन्नास लिटरची टाकी आमच्यासारख्या पाच जणांत दोन-तीन आंघोळींनंतर संपते आणि पुन्हा तापायला दीड-दोन तास घेते. ऐंशीची असेल आणि दोघांनी रात्री आंघोळ उरकली तर भागतं.

तिसरा, शेगडी कुठली? हा प्रश्न मालकांना विचित्र वाटतो, पण आपल्यासाठी तो महत्त्वाचा आहे. तिथे तीन प्रकार भेटतात: गॅस, इंडक्शन आणि काचेखाली तार तापणारी विजेची शेगडी. फोटोत शेवटच्या दोन्ही काळ्या काचेच्याच दिसतात. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. तारेच्या शेगडीवर सपाट बुडाचा असेल तर चालतो. कुकर न्यायचाच असेल तर दोन लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनचं बूड असलेला न्या, सगळीकडे चालेल.

चौथा, वीज किती मंजूर आहे? पोर्तुगालमध्ये पुष्कळ घरांत ३.४५ केव्हीएचं कनेक्शन असतं, म्हणजे साधारण १५ अँपिअर. २,००० वॉटची किटली आणि २,००० वॉटचा ओव्हन एकदम लावला की मेन स्विच पडतो. घर बिघडलेलं नसतं, कनेक्शनच तेवढं असतं. मेनचा डबा कुठे आहे ते विचारून ठेवलं की अंधारात शोधावं लागत नाही.

मग लहान प्रश्न: बाथरूममध्ये बिडे, म्हणजे शौचानंतर धुण्यासाठीचं बुटकं भांडं, आहे का (जुन्या घरांत बहुधा असतो आणि आपल्या लोकांची मोठी सोय होते), शॉवरसाठी टबात पाय उचलून चढावं लागतं का, कपडे धुण्याचं यंत्र आहे का, आणि रात्री उशिरा पोचल्यास किती जादा पैसे. शेवटच्यासाठी आम्हाला २० ते ३० युरो सांगितले गेले. घरात कॅमेरा आहे का हेही विचारा; एअरबीएनबीने एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून घराच्या आत कॅमेरे ठेवायला पूर्ण बंदी केली आहे.

एका मालकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने ‘काळजी करू नका, सगळं उत्तम आहे’ एवढंच लिहिलं. तिसरीने पायऱ्या मोजून आकडा पाठवला, टाकीवरच्या लेबलचा फोटो पाठवला आणि लिफ्टमध्ये तीनच माणसं मावतात हेही न लपवता सांगितलं. घर आरेएरुजवळचं, चौथ्या मजल्यावरचं. तेच घेतलं. भाव तिघांत मधला होता, पण उत्तर देणारा माणूस हा घराचाच भाग असतो, आणि अडचण येते तेव्हा फोन त्यालाच करायचा असतो.

मे अखेर: पैसे

पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नवीन कार्डावर ते मुळात बंद असतात. मर्यादाही वाढवावी लागते. पैसे भरताना पहिल्यांदा व्यवहार नाकारला गेला, कारण अचानक परदेशी मोठी रक्कम दिसल्यावर बँकेची यंत्रणा तो थांबवते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. कार्डामागच्या नंबरवर फोन करून ‘हा व्यवहार माझाच’ असं सांगा, मग करा. आणि हे काम पावसाळ्याआधी उरका. पाऊस लागला, वीज गेली, टॉवर बंद पडला की ओटीपी येत नाही आणि पैसे भरायच्या पानाची वेळ संपते.

कार्डाचं परकीय चलन शुल्क आधी बघा. ३.५ टक्के असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के पडतं. १,२६४ युरोवर सुमारे ५२ युरो. दोन टक्केवालं कार्ड असेल तर ३० च्या आत. ॲप रक्कम रुपयांत दाखवतं तेव्हा त्याने धरलेला दर त्या दिवसाच्या बाजारदराशी ताडून पाहा. परदेशी व्यापाऱ्याला रुपयांत पैसे दिले तरी काही बँका वेगळं शुल्क लावतात, म्हणून युरोत भरणं बहुधा बरं.

आणि सर्वांत मोठी अट: रद्द करण्याची मुदत. व्हिसा हातात नाही, पण व्हिसासाठी बुकिंग लागतं. म्हणून पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख ही व्हिसाच्या निकालाच्या पुरेशी नंतर हवी. आमच्या घराची अट प्रवेशाच्या पाच दिवस आधीपर्यंत पूर्ण परतावा अशी होती, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत. न परतणारं बुकिंग दहा-बारा टक्के स्वस्त दिसतं. पहिल्यांदा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) काढणाऱ्यांनी तो मोह टाळा.

जुलै-ऑगस्ट: व्हिसा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५. आमचे ४०५ युरो आणि वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. विमा माणशी किमान ३०,००० युरोचा. सत्तरीपुढे हप्ता चांगलाच वाढतो, तो खर्च आधीच धरा.

घराच्या बुकिंगबाबत केंद्रावर तीन गोष्टी बघितल्या गेल्या. प्रवासाच्या प्रत्येक रात्रीची राहण्याची सोय दिसली पाहिजे. बुकिंगच्या कागदावर पाचही जणांची नावं, पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे, हवीत. नेहमीच्या पावतीत फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाव असतं, त्यामुळे ॲपवर सहप्रवासी जोडून व्हिसासाठीचा कागद वेगळा काढावा लागतो. आणि घराचा पूर्ण पत्ता, मालकाच्या संपर्कासह. सोबत आमच्या घरमालकिणीने नोंदणी क्रमांक घालून एक पानी पत्र पाठवलं. ते सक्तीचं नव्हतं, पण काउंटरवर त्यामुळे प्रश्न कमी झाले. व्हिसापुरतं बुकिंग दाखवून नंतर रद्द करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो घेऊ नका. दूतावास मधल्या काळात बुकिंग तपासू शकतो आणि मिळालेला व्हिसाही रद्द होऊ शकतो.

मुंबईतल्या व्हिसा केंद्रातल्या भेटीच्या वेळा उन्हाळ्यात लवकर भरतात. रोज सकाळी पान उघडून बघत राहिल्यावर ६ ऑगस्टची वेळ मिळाली. कोकण रेल्वेचं तेव्हा पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालतात आणि दरड आली तर तासन्‌तास थांबतात. म्हणून आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम केला आणि दुपारची वेळ घेतली. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावं लागतं. बारा वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. ऑगस्टच्या शेवटी गाड्या गणपतीसाठी भरलेल्या, त्यामुळे पासपोर्ट कुरियरनेच मागवले. ते २५ ऑगस्टला आले, चतुर्थीच्या दोन दिवस आधी. तोवरचं वाट बघणं जड गेलं. गणपतीच्या तयारीने दिवस भरले होते एवढंच बरं.

सप्टेंबर: सामान

स्वयंपाकघर आहे म्हणून काय न्यायचं याची यादी लांबते, तिला नियमांची कात्री लावावी लागते. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूध-दुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा नाही. ताजी फळंसुद्धा प्रमाणपत्राशिवाय नाहीत, अपवाद अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांचा. हापूस त्यात नाही. सुकी मासळी स्वतःपुरती नेता येते, पण सुकट-बोंबील भाड्याच्या घरात भाजले तर वास पडद्यांत बसतो आणि जादा सफाईचे पैसे लागू शकतात. नेले नाहीत तर बरं. सुकं खोबरं विमानाच्या सामानात चालत नाही, ते पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत मोडतं. मालवणी मसाला, आमसुलं, हिंग, चहा पावडर एवढं नेलं. तांदूळ-डाळ तिथे मार्तिम मोनिझला मिळतात.

वीज २३० व्होल्टचीच, आपली उपकरणं चालतात. पण आपली तीन पिनांची प्लग बसत नाही, अडॅप्टर हवा. ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर सुरू ठेवा.

२८ सप्टेंबरला, रद्द करायची मुदत संपायच्या आधी, मालकिणीला पुन्हा विचारलं: लिफ्ट चालू आहे ना, इमारतीत दुरुस्ती चालू नाही ना. हा निरोप मुदतीच्या आतच पाठवायचा असतो, नंतर त्याचा उपयोग नाही.

ऑक्टोबर: दारात

जाण्याआधी मालकिणीने सगळ्यांची पासपोर्ट माहिती मागितली. हे कायदेशीर आहे. परदेशी पाहुण्यांची माहिती तिला तीन कामकाजाच्या दिवसांत सरकारी यंत्रणेत भरावी लागते. नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, राहण्याचा देश आणि पासपोर्ट क्रमांक एवढं पुरतं. पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवायची गरज नाही.

४ ऑक्टोबरला आखातामार्गे दुपारी पोचलो. प्रवेश तीननंतर होता, तेवढा वेळ सीमा तपासणी आणि सामानातच गेला. आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर ईईएस ही ठसे-फोटोची नवी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. मालकाला पोचायची वेळ सांगताना दोन तास जास्त धरून सांगा. पाच जणांना साधी टॅक्सी घेत नाही, तिच्यात चारच बसतात. मोठी गाडी आधी सांगावी लागते.

किल्ली घेतल्यावर बॅगा उघडण्याआधी मोबाईलवर सगळ्या खोल्यांचा सलग व्हिडिओ काढा: भिंतीवरचे डाग, फुटलेली फरशी, गाद्या, भांडी. गिझर चालवून बघा, मेन स्विच बघा. अग्निशामक, आग विझवायचं ब्लँकेट, प्रथमोपचार पेटी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक दिसेल अशा जागी असणं तिथे सक्तीचं आहे. बिघाड असेल तर त्याच दिवशी ॲपवर फोटोसह कळवा. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. आमच्याकडे एका खिडकीची झडप अडकलेली होती. कळवल्यावर दुसऱ्या सकाळी माणूस येऊन दुरुस्त करून गेला.

नळाचं पाणी पिता येतं. रात्री ११ ते सकाळी ७ शांततेचे तास असतात, म्हणून मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या त्याआधी उरकाव्यात. कचरा वेगळा करायचा: निळ्यात कागद, पिवळ्यात प्लास्टिक आणि डबे, हिरव्यात काच. मासळी मंडईतून आणा, आणि सोमवारी जाऊ नका. रविवारी बोटी जात नाहीत, त्यामुळे सोमवारी बहुतेक गाळे बंद असतात. विकणारा साफ करून, खवले काढून देतो, त्यामुळे घरात घाण होत नाही. बांगडा मिळाला, तारली मिळाली. आईने पहिल्याच आठवड्यात आमसूल घालून तिखलं केलं आणि बाबांची परदेशी जेवणाची भीती त्या दिवशी गेली.

निघताना भांडी धुऊन, कचरा टाकून, पुन्हा एक व्हिडिओ काढून किल्ली दिली. घरी आल्यावर कार्डाचं विवरण ओळ ओळ तपासा. अनामत म्हणून अडवलेली रक्कम असेल तर ती सुटायला काही दिवस लागू शकतात. तोवर ती कार्डाच्या मर्यादेतून वजा दिसते. पावती पीडीएफमध्ये जपून ठेवा. पुढच्या शेंगेन अर्जात मागचा मुक्काम दाखवताना ती जोडता येते.